क्लोरीन सोडू नका, पाण्याचा हिशेब मागा

पावसाळा लागला की नळाच्या पाण्याला औषधाचा वास येऊ लागतो. हंडा भरताना तो नाकाला जाणवतो, चहाची चवसुद्धा बदलते. मग चाळीच्या गॅलरीत आणि नळाच्या रांगेत एकच चर्चा चालते. कोणी म्हणते, यंदा पावडर फार टाकली. कोणी म्हणते, या पावडरीने कॅन्सर होतो, मोबाईलवर आले आहे. त्याच आठवड्यात फिल्टर विकणारा दारात उभा राहतो आणि दहा-पंधरा हजारांचे यंत्र हप्त्याने घ्या म्हणून गळ घालतो. महिन्याच्या वीस तारखेलाच ज्या घरातला पगार संपतो, त्या घरातील माऊलीने काय करावे? पावडरीला भ्यावे की जंतूला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टीत अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे हे धडधडीत खोट्यापेक्षा अधिक फसवे असते. म्हणून आम्ही या लेखात खरे किती आणि भीती किती, याची नीट फोड करून सांगणार आहोत.

क्लोरीन पाण्यात टाकतात कशासाठी?

पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ हे रोग घाणेरड्या पाण्यातून येतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या रोगांनी वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या होत्या. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन गावात विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा पाण्याच्या मुख्य नळांत ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडून ते निर्जंतुक करण्यात आले. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी शहराच्या पाण्यात रोज, न चुकता क्लोरीन टाकायला सुरुवात झाली. पुढे हीच पद्धत जगभर गेली. आपल्या खेड्यात विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि घरोघरी वाटली जाणारी मेडिक्लोरची बाटली ही त्याच क्लोरीनची रूपे होत.

क्लोरीनचा एक गुण असा की, तो जलशुद्धीकरण केंद्रात जंतू मारून थांबत नाही. त्याचा थोडा अंश पाण्याबरोबर नळातून घरापर्यंत येतो. याला शिल्लक क्लोरीन म्हणतात. हा वाटेवरचा राखणदार होय. पाणी उकळून जंतू मरतात, पण उकळलेल्या पाण्याला असा राखणदार नसतो.

मुंबईचेच उदाहरण घ्या. सात तलावांचे पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या मोठ्या केंद्रांत शुद्ध होते आणि तेथून मैलोन्‌मैल नळांतून वस्त्यांपर्यंत येते. पण आपल्या वस्तीत पाणी दिवसातून काही तासच येते. पाणी गेले की नळ रिकामा पडतो आणि त्यातला दाब नाहीसा होतो. अशा वेळी नळाला कोठे फट असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी आपल्या हंड्यात येते. त्या वेळी पाण्यात शिल्लक क्लोरीन असेल तर थोडीफार राखण होते. तो नसेल तर जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा लागतो.

मग कॅन्सरची गोष्ट आली कुठून?

१९७४ साली नेदरलँड्स देशातील रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठा खात्यात योहान्स रूक नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. नदीच्या कच्च्या पाण्यात जे नव्हते ते क्लोरीन टाकल्यानंतरच्या पाण्यात त्यांना सापडले. ते होते क्लोरोफॉर्म. जुन्या हिंदी सिनेमात खलनायक रुमालाला लावून नायिकेच्या नाकावर दाबतो, तेच हे औषध. त्याच वर्षी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनाही आपल्या पाण्यात हेच आढळले.

हे क्लोरोफॉर्म कोणी पाण्यात ओतलेले नव्हते. ते पाण्यातच तयार झाले होते. धरणात आणि नदीत पालापाचोळा, गवत, शेवाळ कुजते. त्याचा अर्क पाण्यात उतरतो, जसा चहापत्तीचा उतरतो. पाण्याला जो पिवळसर रंग येतो तो बऱ्याचदा याच अर्काचा असतो. क्लोरीन जंतूंना मारतो तसा या अर्काशीही भिडतो. त्यातून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे तयार होतात. या चार भावंडांच्या गटाला ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. दुसरा मोठा गट हॅलोअॅसेटिक आम्लांचा. या सगळ्यांना मिळून निर्जंतुकीकरणाची उपउत्पादने असे नाव आहे. पाणी जितके गढूळ आणि पाल्याचे, क्लोरीन जितका जास्त, हवा जितकी उष्ण आणि पाणी जितका वेळ क्लोरीनसह साठून राहील, तितकी ही उपउत्पादने वाढतात. समुद्राजवळच्या खारट पाण्यात ब्रोमाइड नावाचा क्षार असतो. तेथे क्लोरोफॉर्मऐवजी ब्रोमीनची भावंडे अधिक होतात.

आता प्रमाण पाहू. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. म्हणजे दहा हजार लिटरच्या भरलेल्या टँकरमध्ये सगळे मिळून दोन ग्रॅम. चहाच्या पाव चमच्याहून थोडे अधिक. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेने चारही भावंडे मिळून १९७९ साली ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि १९९८ च्या नियमाने ती ०.०८ वर आणली.

धोका केवढा?

१९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात उंदीर-घुशींना क्लोरोफॉर्मचे मोठे डोस दिल्यावर त्यांना कर्करोग झाला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेले’ या वर्गात ठेवले आहे. प्राण्यांत पुरावा पुरेसा आहे, माणसांत नाही, असा त्या वर्गाचा अर्थ. क्लोरीन टाकलेल्या पाण्याला मात्र तिने १९९१ साली कर्करोगकारक ठरवले नाही. तसे ठरवण्याइतका पुरावा तिला मिळाला नव्हता.

पण पुढे माणसांवरही अभ्यास झाले. तीस-चाळीस वर्षे असे पाणी पिणाऱ्यांत मूत्राशयाचा कर्करोग थोडा अधिक आढळतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले. २०२० साली युरोपातील २६ देशांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तेथील मूत्राशयाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच रुग्णांचा संबंध ट्रायहॅलोमिथेनशी लावता येईल, असा त्याचा अंदाज आहे. वर्षाला ही संख्या साडेसहा हजारांच्या आसपास जाते. पाच म्हणजे शून्य नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. पण याच कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेटचा धूर आहे, हेही ध्यानात ठेवावे. एका हाताने विडी शिलगावायची आणि दुसऱ्या हाताने नळाच्या पाण्याकडे बोट दाखवायचे, हा न्याय नव्हे.

गरोदर भगिनींच्या मनातही शंका असते. १९९८ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात असे पाणी भरपूर पिणाऱ्या स्त्रियांत गर्भपात अधिक दिसले होते. २००६ सालच्या मोठ्या अभ्यासात मात्र तसा स्पष्ट संबंध आढळला नाही. तेव्हा या कारणाने गरोदर बाईने पाणी कमी पिऊ नये. कावीळ आणि हगवण यांचा धोका तिला कितीतरी मोठा आहे. गरोदरपणात पाण्यातून येणारी कावीळ जीवघेणी ठरू शकते.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीप्रमाणे जगात पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले दर वर्षी अतिसाराने दगावतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात १९९१ च्या जानेवारीत पटकीची साथ सुरू झाली. त्या एका वर्षात तेथे तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २,९०० मेले. कॅन्सरच्या भीतीने तेथील अधिकाऱ्यांनी क्लोरीन बंद केला म्हणून साथ आली, असे तेव्हा जगभर छापून आले. नंतरच्या अभ्यासकांनी ते तितके सरळ नसल्याचे दाखवले. तेथील नळ फुटके होते, मैलापाण्याची सोय नव्हती, आणि पुष्कळ ठिकाणी क्लोरीन टाकण्याची धड व्यवस्थाच नव्हती. कारण कोणतेही घ्या, ज्या पाण्यात राखणदार नव्हता त्या पाण्याने माणसे मारली, आणि मेली ती गरिबांच्या वस्त्यांतली.

जंतू दोन दिवसांत लेकरू नेतो. उपउत्पादनाचा धोका लहान आहे आणि तो तीस-चाळीस वर्षांत पसरलेला आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, उपउत्पादने जरूर कमी करावीत, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणात कसूर करू नये.

दोष क्लोरीनचा की घाणीचा?

या सगळ्यावरून एक गोष्ट निघते. क्लोरोफॉर्म तयार व्हायला दोघे लागतात, क्लोरीन आणि कुजका अर्क. क्लोरीन काढून टाकला तर जंतू बोकाळतील. मग काढायचे कोणाला? अर्काला. क्लोरीन टाकण्यापूर्वी पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसवला, वाळूच्या गाळणीतून पाणी नीट गाळले, तर अर्काचा बराचसा भाग आधीच निघून जातो. मग क्लोरीनही कमी लागतो आणि उपउत्पादनेही कमी होतात. याउलट, गाळणी तुंबलेली, तुरटी अपुरी आणि वरून क्लोरीनचा मारा, असे झाले की जंतूही पुरते मरत नाहीत आणि उपउत्पादने मात्र वाढतात. मुंबईच्या शुद्धीकरण केंद्रांतील पाण्यात ट्रायहॅलोमिथेन कोणत्या टप्प्यावर किती होते, याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झालेला आहे. म्हणजे हा विषय आपल्याकडच्या जाणकारांना ठाऊक आहे. ठाऊक नाही तो नळावर हंडा लावणाऱ्या माणसाला.

ज्या नेदरलँड्समध्ये हा शोध लागला त्यांनी काय केले? त्यांनी पाण्याची स्वच्छता मुळापासून वाढवली. ॲमस्टरडॅम शहराने १९८३ साली क्लोरीन बंद केला आणि आज त्या देशात नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवीत नाहीत. पण तेथे नळात चोवीस तास पाणी आणि दाब असतो, गळती फार थोडी असते. त्यांचे पाहून आपण आज क्लोरीन सोडला तर आठवड्यात दवाखाने भरतील. त्यांच्याकडून घ्यायचा तो धडा एवढाच, की आधी नळ, गाळणी आणि दाब सुधारा, मगच राखणदाराला सुटी द्या.

घरात काय करावे?

भगिनींनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यात खर्च फारसा नाही.

१) पाण्याला क्लोरीनचा हलका वास येणे वाईट नाही. पावसाळ्यात, साथीच्या दिवसांत वास अजिबात येत नसेल तर उलट चौकशी करावी.

२) पाणी गढूळ आले तर आधी तुरटी, मग मेडिक्लोर. हा क्रम उलटा करू नये. तुरटी फिरवून पाणी स्थिर ठेवावे, गाळ तळाशी बसला की वरचे निवळ पाणी स्वच्छ दुपदरी कापडाने दुसऱ्या भांड्यात गाळावे आणि त्यातच थेंब टाकावेत. गढूळ पाण्यात थेंब टाकले तर क्लोरीन घाणीतच खर्च होतो.

३) थेंब बाटलीवर लिहिले असतील तेवढेच टाकावेत. जास्त टाकले म्हणजे जास्त शुद्ध, असे नसते. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबून पाणी प्यावे.

४) इंधन परवडत असेल तर लहान मुले, गरोदर बाई आणि आजारी माणसासाठी पाणी खळखळ उकळावे आणि वाफ जाऊ द्यावी. जंतू मरतात आणि क्लोरोफॉर्मही बरेचसे वाफेबरोबर उडून जाते. हॅलोअॅसेटिक आम्ले मात्र उकळून पुरती जात नाहीत. उकळलेल्या पाण्यात राखणदार उरत नाही, म्हणून ते झाकून ठेवावे, ओगराळ्यानेच काढावे, त्यात हात किंवा पेला बुडवू नये, आणि त्याच दिवशी संपवावे.

५) पिंप आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी. तळाच्या गाळाने क्लोरीन संपतो. शिवाय साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

६) कोंदट मोरीत गरम पाण्याने आंघोळ करताना वाफेतूनही थोडे क्लोरोफॉर्म श्वासात जाते. झरोका उघडा ठेवावा. एवढे पुरे आहे.

७) फिल्टर घ्यायचाच असेल तर कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा साधा फिल्टर ही उपउत्पादने कमी करतो. पण कोळसा मुदतीत बदलला नाही तर तो निकामी होतो, आणि त्यातच जंतू वाढतात. तो क्लोरीनही काढून घेतो, म्हणून गाळलेले पाणी साठवून ठेवू नये. आरओ यंत्र हे मुख्यतः क्षार काढण्यासाठी असते. मुंबईच्या तलावांचे पाणी मुळातच मऊ आहे. त्यासाठी कर्ज काढून आरओ घेण्याचे कारण नाही. त्यात एक लिटर पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी वाया जाते, ते वेगळेच.

गावाकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल टाकताना हजार लिटरला पाच ग्रॅम हे साधारण प्रमाण असते. ती पावडर उघड्या गोणीत महिनोन्‌महिने पडून राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. टाकल्यावर तासाभराने ओ.टी. चाचणी करून पाण्याला पिवळा रंग येतो का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पाहायचे असते. आपण शेजारी उभे राहून ते पाहावे. विहिरीत पाला पडू नये, कठडा नीट असावा, याकडे लक्ष दिले तर पावडरही कमी लागते.

वस्तीने काय मागावे?

घरात करायचे ते आपण करू. पण धरणाचे पाणी, केंद्रातली गाळणी आणि रस्त्याखालचा गंजका नळ एका घराच्या हाती नाही. क्लोरोफॉर्म मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे महागडे यंत्र लागते, ते प्रयोगशाळेतच असते. तेव्हा हे काम पाणीपट्टी घेणाऱ्यांनी करायचे आणि आपण त्यांना विचारायचे.

पाणी हा आपल्या समाजासाठी केवळ तहानेचा प्रश्न कधीच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. ज्या पाण्याला माणसाचा हात चालला नाही, त्याला शेण चालले! पाण्याची शुद्धी मंत्राने होत नाही, ती गाळल्याने, तपासल्याने आणि मोजल्याने होते, हे सांगायला त्याहून बोलका प्रसंग नाही. पाणी घेण्याचा हक्क त्या दिवशी मागितला गेला. तो अजूनही सर्वांच्या दारात पोहोचलेला नाही. मुंबईत २००० सालानंतरच्या झोपड्यांनाही पाणी दिले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी सांगितले. आता त्या हक्काचे पुढचे पाऊल म्हणजे, जे पाणी आपल्याला देतात ते कसले आहे हे जाणून घेणे.

यासाठी माहितीचा अधिकार कायदा, २००५ आपल्या हाती आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहावा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकाला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. अर्जात पुढील प्रश्न विचारावेत :

आमच्या वस्तीच्या शेवटच्या नळावर गेल्या वर्षभरात शिल्लक क्लोरीन किती वेळा तपासला, आणि किती आढळला?

जंतू तपासणीचे किती नमुने घेतले, त्यांपैकी किती पिण्यास अयोग्य ठरले, आणि त्यानंतर कोणती दुरुस्ती केली?

पाण्यातील ट्रायहॅलोमिथेनची तपासणी होते का? शेवटची कधी झाली, आकडे काय आले?

क्लोरीन टाकण्यापूर्वी तुरटी आणि गाळणीने पाणी स्वच्छ करण्याची व्यवस्था कशी आहे?

आमच्या वस्तीतील जलवाहिनी किती सालची आहे, आणि ती गटारातून जाते का?

हे पाच प्रश्न विचारायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. विहारात रविवारी माणसे जमतातच. त्यात दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलीने अर्ज वाचून दाखवावा, दहा-बारा घरांनी सह्या कराव्यात आणि दोघांनी जाऊन तो कार्यालयात देऊन पोच घ्यावी. उत्तर आले की पुढच्या बैठकीत सर्वांसमोर वाचावे. आकडे बरे असतील तर मनातली भीती जाईल. वाईट असतील तर नगरसेवकाच्या दारात जाताना हातात कागद असेल.

तोवर मेडिक्लोरची बाटली फेकू नका आणि आज जो हंडा भराल त्यावर झाकण ठेवा.